मॅन्युएल मेस्तच्या जिन्याचा घसारा

"सदर वखारीतील लाकडी जिना, माडीची फळ्यांची जमीन, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या व गल्ल्याचे कपाट ही अंतर्गत मांडणी भाडेकरूने स्वखर्चाने केलेली आहे. तिच्यावर आयकर कायद्यानुसार घसारा मागण्यात आला असून तो विभागाने मान्य केला आहे. सबब ही मांडणी भाडेकरूच्या मालकीची असून भाडेकराराची मुदत संपल्यावर ती काढून नेण्याचा त्यास पूर्ण हक्क आहे."

निवेदनाखाली गुरुदास तोंडवळकर याची सही होती. सहीतल्या 'ग'ला त्याने एवढा मोठा फटकारा दिला होता की तो शेजारच्या तारखेवरून जाऊन कागदाच्या कडेपर्यंत पोहोचला होता. या माणसाला आपल्या हद्दीत राहणे सहीपुरतेही जमत नाही, असे अँजेलिना रॉड्रिक्स यांच्या मनात आले आणि त्यांनी पेन्सिल उचलली.

आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवलेल्या बाईला एक खोड लागलेली असते. कागद काय म्हणतो याच्या आधी तो कोणाच्या सोयीचा आहे हे ती पाहते. या कागदाची सोय शोधायला फार श्रम पडले नाहीत. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तू दरवर्षी थोड्याथोड्या झिजतात असे कायदा मानतो आणि ती मानलेली झीज उत्पन्नातून वजा करू देतो. तिला घसारा म्हणतात. भाड्याच्या जागेत भाडेकरूने पदरचा पैसा घालून सुधारणा केली, तर तेवढ्या खर्चापुरती ती जागा जणू त्याचीच आहे असे समजून त्यालाही ही सवलत मिळते. हे 'जणू' कायद्याने गुरुदासला कर मोजण्याच्या एका कामापुरते उसने दिले होते. उसने आणलेले भांडे घरी नेऊन त्यावर आपले नाव कोरावे, तसे त्याने केले होते.

'विभागाने मान्य केला' हे शब्द तर त्याने छातीवर बिल्ला लावावा तसे लावले होते. मान्य कोणी केला? कुठल्याशा दूरच्या शहरातल्या यंत्राने. त्या यंत्राने बेरजा तपासल्या आणि त्या बरोबर निघाल्या. मालवणच्या बंदराजवळच्या या वखारीत ते यंत्र कधी आले नव्हते, जिन्याच्या कठड्यावरून त्याने कधी हात फिरवला नव्हता. ज्याने वस्तू पाहिलीच नाही त्याच्या मौनाला साक्ष म्हणायचे असेल, तर आंधळ्यांच्या साक्षीने या देशात काय काय सिद्ध होईल याची गणती नको.

पण अँजेलिनाबाईंची पेन्सिल सर्वांत जास्त वेळ थांबली ती निवेदनाला जोडलेल्या विवरणपत्राच्या पानावर. तिथे हाच जिना आणि हीच जमीन 'निव्वळ तात्पुरते लाकडी बांधकाम' या सदरात टाकलेली होती. त्या सदरात घसाऱ्याचा दर चौपट असतो, कारण असले बांधकाम चार पावसाळ्यांत संपते असे कायदा धरून चालतो. आणि याच जिन्याचे फोटो काढून गुरुदासने बांद्याच्या पलीकडे, गोव्यातल्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला पाठवले होते. खाली लिहिले होते: अस्सल सागवान, शंभरी ओलांडलेले, अजून शंभर वर्षे हलणार नाही. सरकारला सांगताना जे लाकूड भराभर कुजत होते, तेच गिऱ्हाइकाला सांगताना अमर झाले होते. एकाच जिन्याला मृत्यू आणि अमरत्व दोन्ही बहाल करणारा हा गृहस्थ वखारीतल्या आपल्या हॉटेलात सुरमईची ताटे विकून पोट भरत होता, ही त्या माशाचीच शोकांतिका.

जिना तात्पुरता नव्हता, गुरुदासचा तर मुळीच नव्हता. अँजेलिनाबाईंचे वडील मॅन्युएल हे होड्या बांधणारे सुतार, मालवणीत मेस्त. किनाऱ्यावर मोडीत निघालेल्या एका फत्तेमारीचे, म्हणजे मालवाहू शिडाच्या गलबताचे, लाकूड त्यांनी उचलून आणले. त्याचा जिना केला, माडीवर फळ्या घातल्या. खिडक्यांना काचा परवडत नव्हत्या म्हणून आपल्या आजोळच्या घरासारखी शिंपल्यांची तावदाने बसवली. त्या वखारीत ते दोर, डांबर, खिळे आणि वल्ही विकत. दुपारी बंदरावरचे ऊन त्या शिंपल्यांतून आत येई तेव्हा गल्ल्यावर बसलेला बाप ताकात बुडवल्यासारखा पांढुरका दिसे. त्यांच्या मागे जागा रिकामी पडली तेव्हा अँजेलिनाबाईंनी ती गुरुदासला हॉटेलासाठी दिली, ती एवढ्यासाठीच की जिना आणि खिडक्या त्याला आवडल्या होत्या. आवडीचे रूपांतर हक्कात कसे होते याचे शेकडो दाखले त्यांनी वर्गात दिले होते. आपल्याच घरातला दाखला मात्र त्यांना वेळेवर ओळखता आला नाही.

चतुर्थीचे गणपती पोचवून झाले होते. करार संपला होता. गल्लीच्या तोंडाशी बांद्याहून आलेला टेंपो उभा होता आणि त्यात सुतारांची हत्यारे होती. निवाडा गुरुदासच्या बाजूने लागला तर संध्याकाळच्या आत जिना उतरणार, खिडक्या चौकटीसकट निघणार. अँजेलिनाबाईंच्या बापाने हाताने केलेले जेवढे या जगात उरले होते, तेवढे सगळे त्या टेंपोत मावणार होते.

निवाडा करणार होते मुख्तारभाई. सुक्या मासळीचे जुने व्यापारी, बंदरावरच्या भांडणांत दोन्ही बाजूंना चालणारा माणूस. वाद झाला तर ते पंच, असे करारातच लिहिले होते. त्यांनी वकिलाची कचेरी नाकारली. "ज्या लाकडावरना भांडतास, तेच्यावरच बसान बोला," म्हणाले. म्हणून सगळे वखारीच्या माडीवर, हॉटेलाच्याच एका टेबलाभोवती बसले होते. गुरुदासच्या शेजारी कुडाळहून आलेली त्याची तरुण सी.ए. तन्वी होती, समोर फाईल. स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत मथुरा उभी होती. हॉटेल सुरू झाल्यापासून ती तिथे रांधत होती, आणि जिना गेला तर वर-खाली ताटे कशी न्यायची हा तिचा साधा प्रश्न कोणीच ऐकून घेतला नव्हता.

गुरुदासने सुरुवात कचेरीतल्या मराठीत केली. "मुख्तारभाई, मी जागा ताब्यात घेतली तेव्हा इथलं लाकूड पूर्णपणे कुजलेलं होतं. वाळवी होती. मी ते काढून टाकलं आणि त्याच जुन्या धाटणीचं नवीन बसवून घेतलं. हे बिल. बांद्याच्या फर्निचरवाल्याचं."

"जुन्या धाटणीचा नवीन," मुख्तारभाई म्हणाले. "मगे गोव्याच्या व्यापाऱ्याक शंभर वर्सांचा म्हणान कसा काय विकतंस?"

"ता धंद्यातला बोलणा रे, चाचा. गिऱ्हाइकाक तसाच सांगूक लागता." गुरुदास हसला. मालवणी त्याच्या तोंडात हसताना आणि चिडताना येत असे. खोटे बोलताना तो प्रमाण भाषेत जाई, जसे लोक लग्नाला जाताना इस्त्रीचा सदरा घालतात.

तन्वीने घसा खाकरला. "सर, आपण फक्त बिलाबद्दल बोलूया."

"बिलाबद्दल बोलूया," अँजेलिनाबाई म्हणाल्या. "गुरुदास, हे लाकूड तुझं आहे असं तू म्हणतोस. नवीन आहे असं तू म्हणतोस. मग ते तात्पुरतं बांधकाम कसं? चार पावसाळ्यांत संपणारं लाकूड टेंपोत घालून गोव्याला न्यायला तुला लाज नाही वाटत? वाटेतच मोडून पडेल."

मथुरा दारातून फिसकन हसली आणि लगेच आत वळली.

"मॅडम, तो टॅक्सचा तांत्रिक भाग आहे," गुरुदास म्हणाला. "तुम्हाला नाही कळायचा. तुम्ही इतिहास शिकवलात."

"तोच शिकवते आहे."

तन्वीने फाईलमध्ये पाहिले. दर कोणता लावायचा हे तिने गुरुदासला विचारले होते आणि त्याने "जो जास्त असेल तो" असे उत्तर दिले होते. ते उत्तर तिला या क्षणी आठवले असावे, कारण तिने पान उलटले.

मुख्तारभाईंनी बिल हातात धरून उजेडाकडे केले. शिंपल्यांतून येणारा उजेड कागद वाचायला पुरेसा नसतो. तो वाचायला दिलेलाच नसतो. त्यांनी तो पुन्हा टेबलावर ठेवला. मग चष्मा काढून म्हणाले, "बाय, तू म्हणतंस ता माका पटता. पण तेच्याकडे बिल आसा. खोटा आसात, खरा आसात, पण कागद आसा. तुज्याकडे काय आसा? बापाशीची आठवण. उद्या कोणी माका इचारल्यान, पंचा, तू कशावरना निवाडो दिलंस, तर मी काय सांगू? अँजेलिनाबाय रडली म्हणान?"

"मी रडले नाही."

"रडलंस नाय. तू रडाचंस पण नाय. म्हणानच इचारतंय."

"फोटो आसा," त्या म्हणाल्या. वडील गल्ल्यावर बसलेले, मागे जिना. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

गुरुदासने त्याच्याकडे मान वळवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. "सांगितलं ना. त्याच धाटणीचं बसवलं. फोटो बघूनच बसवलं." आणि मग, आपण जिंकत आहोत हे ओळखून, तो दयाळू झाला. दुसऱ्याची वस्तू घेऊन जाणाऱ्याला जी दया सुचते तिच्यासारखी किळसवाणी वस्तू मनुष्यस्वभावात दुसरी नाही. "अँजेलिनाबाय, वायट वाटून घेव नको. एक खिडकी ठेवतंय तुका. बापाशीची आठवण म्हणान."

त्या क्षणापर्यंत अँजेलिनाबाईंना राग आला होता. आता तो थंड झाला, आणि थंड झालेला राग विचार करू लागतो. एक खिडकी. ती तो देणार. त्यांच्या बापाची खिडकी त्यांना बक्षीस. हा माणूस आपल्याशी खोटे बोलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. तो स्वतःच्या खोट्यावर आता मनापासून विश्वास ठेवतो. आधी थोडा कर वाचावा म्हणून त्याने ते यंत्राला सांगितले. यंत्र गप्प राहिले. दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगितले. वर्षागणिक लाकूड कागदावर झिजत गेले आणि त्याच मापाने त्याच्या डोक्यात मालकी वाढत गेली. आता त्याला कोण पकडणार? तो कोणाला भीत होता? करखात्याला नाही. कायद्याला नाही. त्यांना तर नाहीच.

आणि मग त्यांना आठवले की तो कोणाला भीत होता.

हॉटेल उघडण्याच्या दिवशी हाच गुरुदास त्यांच्या घरी आला होता, पायात चप्पल न घालता. "अँजेलिनाबाय, तुका येवक व्हया. मूळ मालक उबो नसलो तर राखणदार ऐकाचो नाय." या किनाऱ्यावर प्रत्येक जागेला अदृश्य राखणदार असतो, आणि नवा माणूस तिथे धंदा मांडताना त्याला गाऱ्हाणे घालतो: आपण कोण, कशासाठी आलो, जागेत काय कोणाचे आहे, हे सगळे मोठ्याने सांगायचे आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. त्या मूळच्या ख्रिस्ती. पर्समध्ये जपमाळ आणि हातात गुरुदासने दिलेला नारळ, अशा त्या इथेच जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या होत्या, शेजारधर्म म्हणून. गाऱ्हाणे गुरुदासने स्वतःच घातले. त्याच्या घराण्यात तो मान होता आणि आवाजही होता. दुसऱ्यांच्या दुकानांच्या उद्घाटनांनाही लोक त्याला हौसेने बोलावत. त्या आवाजाचा त्याला एवढा अभिमान की तो सगळा प्रसंग त्याने चित्रित करवून हॉटेलच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला होता, जाहिरात म्हणून. आजही तो तिथे होता. शब्द काय आहेत याची आठवण त्याला राहिली नव्हती. गवई कधी स्वतःचा अर्थ ऐकत नाहीत.

"मुख्तारभाई," अँजेलिनाबाई म्हणाल्या, "माका एकच इचारूचा आसा. मगे तुमी निवाडो देवा. टेंपो जावंदे."

"इचार."

"गुरुदास, तू सरकाराक काय सांगितलंस ता सोड. व्यापाऱ्याक काय सांगितलंस ताय सोड. तू गाऱ्हाणा घालतंस. देवाच्या म्होरे कदी खोटा सांगितलंस?"

सी.ए.च्या अंगात जी सावधगिरी असते तिने तन्वी पुढे सरकली. "सर, याचं उत्तर द्यायची गरज नाही."

पण तिने फार उशीर केला होता. गुरुदास खुर्चीवरून उठलाच. प्रमाण भाषा गळून पडली, सदरा गळून पडावा तशी. "काय बोलतंस तू, अँजेलिनाबाय? माज्या आज्यान गाऱ्हाणी घातल्यानी, बापाशीन घातल्यानी. आमच्या घराण्याची जीब आसा ती! सरकाराक सांगतलो मी काय व्हया ता. माणसाक पण सांगतलो. पण राखणदाराक खोटा? मुख्तारचाचा, तुमी साक्षी. राखणदाराच्या म्होरे मिया जा बोललंय ता खराच. तेतूर एक अक्षर खोटा निघाला तर ही जीब झडान पडांदे!"

"ऐकलंय मी," मुख्तारभाई म्हणाले. "मथुरे, तू पण ऐकलंस?"

"सगळ्या बंदरान ऐकल्यान," मथुरा दारातून म्हणाली.

अँजेलिनाबाईंनी पर्समधून मोबाईल काढला, हॉटेलचे पान उघडले आणि खाली खाली जात राहिल्या. चुलीवरच्या कोळंब्या, खिडकीशी बसलेली जोडपी, नारळ फोडणारा हात. मग त्यांनी मोबाईल टेबलावर, बापाच्या फोटोशेजारी, उभा करून ठेवला.

आवाज खरोखरच चांगला होता. तो माडीभर पसरला, फळ्यांतून खाली उतरला आणि गल्लीपर्यंत गेला असावा, कारण टेंपोजवळ बोलणारे सुतार बोलायचे थांबले. गुरुदास प्रथम हसला, स्वतःचा आवाज ऐकून माणूस हसतो तसा. दुसऱ्या वाक्याला त्याचे हसू राहिले, पण डोळे हलले. चौथ्या वाक्याला तो खाली बसला.

चित्र संपले. समुद्रावरून येणारा वारा खिडकीच्या एका सैल शिंपल्याला टकटक वाजवत होता.

"ता गाऱ्हाणा रे, चाचा," गुरुदास शेवटी म्हणाला. आवाज आता अगदी लहान झाला होता. "ता काय कोर्टातला बोलणा न्हय. देवाक खूश करूक बोलतंव तसा."

"म्हणजे राखणदाराक खोटा सांगितलंस?"

"तसा न्हय…"

"मगे खरा सांगितलंस?"

दोन दारे होती आणि दोन्हींतून बाहेर पडले की आत अडकायला होत होते. गुरुदासने तन्वीकडे पाहिले. तन्वी फाईलची नाडी बांधत होती. तिने विभागाला द्यायच्या दुरुस्त विवरणपत्राचा विचार सुरू केला होता, हे तिच्या ओठांच्या हालचालीवरून दिसत होते.

"मुख्तारभाई, बिल आहे," गुरुदास पुन्हा प्रमाण भाषेकडे धावला. "कागद आहे."

"कागद आसा. आणि ह्या पण आसा." मुख्तारभाईंनी मोबाईलकडे बोट केले. "गुरुदासा, असा करूया. तू आता हयच, ह्याच जिन्यार उबो रव, नारळ घे आणि राखणदाराक सांग: मॅन्युएल मेस्ताचा लाकूड कुजला होता, मी ता काढून टाकलंय, ह्या माजा आसा. मोठ्यान सांग. आमी होकार भरतंव. ता सांगितलंस काय मी तुज्या बाजून निवाडो देतंय. सुतारांका वर बोलवा."

कोणी नारळ आणायलाही गेले नाही. गुरुदासने जिन्याकडे पाहिले, कठड्याकडे पाहिले. जो माणूस निवेदनावर सही करताना 'ग'चा फटकारा कडेपर्यंत नेतो, त्याला चार लाकडी पायऱ्या उतरता येईनात. इतिहासाच्या पुस्तकांत धर्माने माणसाला सन्मार्गाला लावल्याचे दाखले अँजेलिनाबाईंनी बरेच वाचले होते आणि बहुतेकांवर त्यांचा विश्वास नव्हता. हाही त्यांनी तसा दाखला मानला नाही. हा माणूस सुधारलेला नव्हता. त्याला फक्त जीभ प्रिय होती, कारण तिच्यावर त्याला बोलावणी येत होती.

"मालक," मथुरा दारातून म्हणाली, जरा कीव येऊन, "सांगू नको हां. आमी तेवा व्हय म्हटला होता सगळ्यांनी. आता दुसऱ्यांदा कसा म्हणतलंव?"

गुरुदासने मान खाली घातली. मग खिडकीशी जाऊन खाली टेंपोवाल्याला हात हलवला, जा म्हणून. टेंपोवाल्याने भाड्याबद्दल काहीतरी ओरडून विचारले. 

मुख्तारभाईंनी खिशातून पेन काढला. त्यांचे अक्षर व्यापाऱ्याचे, मोठे आणि सावकाश. निवाडा त्यांनी एका ओळीत दिला: जिना, जमीन, खिडक्या व गल्ला जागेतच राहतील, भाडेकरूने चाव्या आजच द्याव्यात. 'कारणे' या शब्दाखाली काय लिहायचे याचा त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "बाय, ता परत लाव. शब्दाशब्दाक थांबव."

अँजेलिनाबाईंनी ते पुन्हा लावले, आणि त्यांनी ऐकत ऐकत, स्वतःचा एकही शब्द न मिसळता, लिहून घेतले:

"बा देवा राखणदारा म्हाराजा! आज ह्यो गुरुदास तुज्या पायाकडे हॉटेलाचो धंदो मांडता आसा, म्हाराजा! हय जा काय लाकूड आसा ता मॅन्युएल मेस्तान घातलेला आसा, म्हाराजा! जिनो तेचो, माडयेच्यो फळयो तेच्यो, शिंपल्यांच्यो खिडक्यो तेच्यो, गल्लो तेचो. मिया तेतूर एक फळी बदलूक नाय, एक खिळो मारूक नाय, नुसतो जुनो रंग खरवडलंय आणि पॉलिश मारलंय, म्हाराजा! परक्याची वस्तू वापरतंय म्हणान राग धरू नको. माजी मुदत सरली काय जशीच्या तशी तेच्या चेडवाच्या, ह्या अँजेलिनाबायच्या, हातात देतलंय. तेतूर काय कमी-जास्त केलंय, तर ह्या बंदरात माका थारो मिळू नये, म्हाराजा!"